शिरक्यातला निळा उजेड

रुईफांगला शाळेत मुली ‘आंबटी’ म्हणायच्या. त्यात त्यांचा तरी काय दोष? हाओंच्या घरात पणजोबांपासून शिरका, म्हणजे धान्य आंबवून केलेलं व्हिनेगर, होत आलेला. पोरीच्या दप्तराला, स्वेटरला, वेण्यांना तो वास कायमचा बसलेला. छिंगश्यू हे गावच असं, की कुठल्याही अंगणात डोकावलं तरी शिरक्याचे रांजण दिसावेत, पण तिथेसुद्धा हाओंची पोर वर्गात आली की मागच्या बाकावर कळायचं. ती रडत घरी यायची आणि तिचा बाप, हाओ मानत्सांग, रांजण ढवळता ढवळता म्हणायचा, “वास येतो म्हणजे माल खरा आहे. ज्यांच्या पोरींना वास येत नाही ते पाणी विकतात.”

या वासापासून सुटायचं म्हणून ती शिकली. मन लावून, दात-ओठ खाऊन शिकली. रसायनशास्त्र घेऊन ताइयुआनच्या विद्यापीठात गेली, तिथेच डॉक्टरेटला लागली, आणि तिच्या मार्गदर्शक वेई मॅडमनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “तू छिंगश्यूची ना? मग आपण शिरक्यापासून सुरुवात करू या.” झालं. पळून पळून बाई पोचली कुठे, तर पुन्हा रांजणापाशीच.

वेई मॅडमच्या प्रयोगशाळेत कार्बनचे ठिपके बनतात. ठिपके म्हटलं तरी डोळ्यांना दिसणारे नव्हेत. एका केसाच्या जाडीत हजारो ओळीनं बसतील इतके बारीक. ते कशापासूनही बनतात, ही त्यातली गंमत. कुणी सोयाचं दूध घेतं, कुणी डाळिंबाची सालं. त्या मजल्यावर जेवणानंतर उरलंसुरलं फेकायच्या आधी आजूबाजूला विचारायची पद्धत होती, कारण एकानं फेकलेली संत्र्याची साल दुसऱ्याचा प्रबंध असायची. रुईफांग शिरका पोलादी भांड्यात भरायची, झाकणाचे आटे घट्ट आवळायची आणि भांडं दिवसभर भट्टीत ठेवायची. भांडं उघडलं की आत काळं कुळकुळीत पाणी. ते गाळायचं, धुवायचं, पुन्हा गाळायचं. शेवटी हातात यायचं ते फिक्या चहासारखं काहीतरी. पण अंधाऱ्या खोलीत त्याच्यावर जांभळा दिवा धरला, की ते पाणी आतून निळं उजळायचं.

आणि त्यात शिशाचा अंश पडला की तो निळा उजेड विझायचा. तिच्या ठिपक्यांचं हेच वैशिष्ट्य. लोखंड, तांबं, जस्त यांना ते फारसे बधायचे नाहीत, पण शिसं अंगावर येऊन बसलं की गप्प. हे तिनं जिवंत प्राण्यातही दाखवलं होतं. पट्टेरी माशांची दोन-चार दिवसांची पिल्लं काचेसारखी आरपार दिसतात. त्यांना ठिपक्यांच्या पाण्यात पोहू दिलं की त्यांचं इवलंसं पोट निळं दिसू लागतं. मग शिशाच्या पाण्यात सोडलं की ते पोट हळूहळू काळोखतं. जीव असताना, न कापता, शरीरात शिसं कुठे गेलं ते दिसतं. काम चांगलं होतं. सगळे म्हणायचे चांगलं आहे.

मानत्सांग मात्र म्हणायचा, “म्हणजे चांगला शिरका जाळायचा, जाळून त्याचा कोळसा करायचा, कोळशाचं पाणी करायचं आणि ते माशाला पाजायचं. अगं, त्यापेक्षा मासाच शिजव आणि वरून शिरका घाल. दोघांचंही भलं होईल.”

हे तो जेवताना म्हणायचा, आणि म्हणताना आईची झारी उचलायचा.

त्या झारीबद्दल सांगायला हवं. रुईफांगची आई चाओयून लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या कासारानं घडवलेली कथलाची झारी घेऊन आली. पोट गोल, चोच लांब, झाकणावर डाळिंब. हाओंच्या घरी ताटावर शिरका घ्यायचा तो तिच्यातूनच, दोन्ही वेळा, नूडल्स असोत की वाफवलेली भाकरी असो. थंडीत तीच झारी शेगडीच्या कडेला ठेवायची म्हणजे शिरका कोमट राहतो. चाओयूनला पुढे पोटाचं दुखणं लागलं. कळा यायच्या, भूक मेली, रंग उडाला. डॉक्टरांनी एकदा आतड्याचं नाव घेतलं, एकदा रक्त कमी असल्याचं सांगितलं, मग नुसत्याच गोळ्या दिल्या. दुखायला लागलं की मानत्सांग झारीतला शिरका गरम करून तिला वाटीभर पाजायचा. त्या भागात पोटदुखीवर पहिला उपाय तोच, आणि हाओंच्या घरी तर शेवटचाही तोच. रुईफांग पदवीच्या वर्गात असताना आई गेली. झारी राहिली. आता घरात एकटा माणूस, पण ताटाजवळ झारी ठेवल्याशिवाय त्याला घास उतरायचा नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत मानत्सांगही सुकला होता. ढवळायचा दांडा हातातून सुटायचा. मनगट वर उचलायला कष्ट पडायचे. पोट धरून बसायचा आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, “वय झालं. रांजणालासुद्धा तडा जातो.” रुईफांगनं दवाखान्यात चला म्हटलं की तो तिच्या पदवीचं काढायचा. पदवीचा विषय निघाला की तिचं तोंड बंद होतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

कारण पदवी लांबत चालली होती. विभागाचा नियम असा, की नामांकित नियतकालिकात लेख छापून आल्याशिवाय पदवी नाही. तिला दोनदा मुदत वाढवून मिळाली होती आणि तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. या उन्हाळ्यापर्यंत लेख स्वीकारला गेला तर ठीक, नाहीतर इतक्या वर्षांवर पाणी. लेख तिनं पाठवला होता. दोन परीक्षकांपैकी एकाला सगळं आवडलं. दुसऱ्यानं लिहिलं, की एकाच रांजणातल्या, एकाच वर्षीच्या शिरक्यावर भरवसा कसा ठेवायचा? नवा शिरका घ्या, ठिपके पुन्हा बनवा, माशांवर पुन्हा दाखवा. मागणी रास्त होती, म्हणून तर जास्त राग येत होता.

आतापर्यंत ती घरी गेली की स्वतः काचेच्या बाटलीत शिरका भरून आणायची. या वेळी नववर्षाच्या सणातही प्रयोगशाळा सोडता आली नाही, म्हणून तिनं फोनवर सांगितलं, “बाबा, नवा शिरका लागेल. वेई मॅडमना हवाय.”

वेई मॅडमना हवाय, हे तिनं नुसतं बोलायच्या ओघात म्हटलं. पण मानत्सांगच्या डोक्यात मास्तरीण म्हणजे देवाच्या जरा खाली. तिनं मागितलं आणि ते पेप्सीच्या रिकाम्या बाटलीत घालून न्यायचं? त्यानं सगळ्यात दाट शिरका काढला. हिवाळ्यात रोज पहाटे रांजणावर जमलेला बर्फ उचलून टाकतात, तसा उचलून उचलून काळा, घट्ट झालेला. सणाचे पहिले दिवस सरताच तो चाओयूनच्या झारीत भरला, चोचीला फडकं बांधलं, झाकण लाल दोऱ्यानं आवळलं आणि झारी फळीवर ठेवली. तितके दिवस तो स्वतः वाटीतून चमच्यानं शिरका घेत राहिला. मॅडमच्या वाटणीला हात लावायचा नाही म्हणजे नाही. कंदिलांचा सण झाल्यावर झारी मांडीवर धरून बसनं ताइयुआनला आला.

प्रयोगशाळेत त्याचं मोठं स्वागत झालं. वेई मॅडम खुर्चीवरून उठल्या. चमचाभर शिरका चाखून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “काका, हा भट्टीत घालायचा म्हणजे पाप आहे.”

“घाला, घाला,” मानत्सांग म्हणाला. “पोरीचं लग्न समजा. चांगला माल दिल्याशिवाय निघत नाही.”

रुईफांगची जोडीदारीण तुआन यिंग, तिच्याच वर्षाची आणि तितकीच रखडलेली, हसता हसता टेबलाला टेकली. रुईफांगनं शिरका काचेच्या बरणीत ओतून घेतला. मानत्सांगनं रिकामी झारी पुसली, पुन्हा फडक्यात बांधली आणि संध्याकाळच्या जेवणाला हवी म्हणून दुपारच्याच बसनं परत गेला.

त्या शिरक्याचे ठिपके उजळलेच नाहीत.

म्हणजे अगदीच काळे नव्हते. राखेखालच्या निखाऱ्यासारखं काहीतरी मिणमिणत होतं. रुईफांगला वाटलं, भट्टी नीट तापली नसेल. तिनं भट्टी तपासली, भांडं बदललं, पाणी बदललं, दिवासुद्धा दुसऱ्या खोलीतला आणून पाहिला. पुन्हा केलं. पुन्हा तेच मिणमिणणं. माशांची पिल्लं त्या पाण्यात पोहली आणि त्यांच्या पोटात काहीच दिसलं नाही.

वेई मॅडमनी ते पाहिलं आणि दिवा बंद केला. मग म्हणाल्या, “रुईफांग, वाईट वाटून घेऊ नकोस. शिरका बिघडलाय. माणसाचं वय होतं, हात चुकतो. बाटलीतलं तयार रसायन घे, त्याचे ठिपके बनव, लेखाचं नाव बदलू. शिरका सोडून दे.”

“मॅडम, शिरका सोडला तर लेखात माझं उरतं काय?”

“पदवी उरते,” वेई मॅडम म्हणाल्या. त्या मनानं वाईट नव्हत्या. त्यांना खरंच पोरीची काळजी होती.

रुईफांगनं बापाला फोन केला. करायला नको होता, निदान त्या घडीला तरी नको होता.

“बाबा, या वेळचा शिरका बिघडलाय.”

“काय झालंय?”

“उजेड येत नाही. दोनदा करून पाहिलं.”

“उजेड तुझा येत नाही आणि बिघडला माझा शिरका?”

“मॅडमसुद्धा तेच म्हणाल्या. वय झालं की हात चुकतो म्हणे.”

पलीकडे ढवळायचा दांडा रांजणाला टेकवल्याचा आवाज आला. मग मानत्सांग म्हणाला, “चमचा तोंडात घालून डोळे मिटून बसल्या त्याच का या?”

“इथे चवीचा प्रश्न नाहीये, बाबा.”

“शिरक्यात चवीचा प्रश्न नाही तर मग कसला? ऐक. तुझी आई गेली त्या दिवशीसुद्धा मी रांजण उघडे टाकले नाहीत. लोक दारात बसले होते आणि मी झाकणं लावत होतो. मला शिरका बिघडला म्हणून सांगतेस?”

“मग तुम्हीच सांगा माझी पदवी कशानं जातेय ते.”

फोन बंद झाला. त्यानं नंतर केला नाही, आणि तिनंही नाही. हट्टाच्या बाबतीत दोघांचा रांजण एकच होता.

तुआन यिंग दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी येऊन बसली. रुईफांग ते मिणमिणतं पाणी ओतून टाकायच्या बेतात होती. यिंगनं एक कुपी दिव्याखाली धरली. “काय गं हे? जन्मल्या जन्मल्या तोंड पाडून बसलेत. आधीच शिसं गिळून आलेत की काय?”

ती थट्टा करत होती. रुईफांगचा हात मात्र मोरीवर तसाच थांबला.

तिच्या कपाटात गेल्या वर्षीचे जुने, चांगले ठिपके होते. काचेच्या बाटलीतून स्वतः आणलेला जुना शिरकाही तळाला थोडा उरला होता. तिनं दोन कुप्यांत जुने ठिपके घेतले. एकीत जुना शिरका भरपूर पाणी घालून थेंबभर सोडला, दुसरीत नवा तसाच पातळ करून. अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा लावला. पहिली कुपी निळी राहिली. दुसरी तिच्या डोळ्यांसमोर विझली.

तिनं तिथल्या तिथे निष्कर्ष काढला नाही. सहा-सात वर्षांत इतकं तरी अंगवळणी पडलं होतं, की ठिपक्यांच्या एकट्यांच्या साक्षीवर विसंबायचं नाही. ती दोन्ही शिरके घेऊन खालच्या मजल्यावर गेली, जिथे धातू मोजायचं मोठं यंत्र आहे. यंत्र चालवणाऱ्यानं आकडा पाहिला आणि विचारलं, “हे कुठल्या खाणीतलं पाणी आणलंस?”

शिसं होतं. जुन्या शिरक्यात नावापुरतंही नाही, नव्यात रग्गड. रांजण तर मातीचा, तोच, तिथलाच. बदललं होतं एकच, या वेळी शिरका झारीतून आला होता. कासारानं कथलात शिसं मिसळलं होतं, स्वस्तही पडतं आणि घडायलाही मऊ. इतके दिवस आंबट, दाट शिरका त्या झारीत बसून होता.

आता जे झालं ते रुईफांगनं पुढे कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही. तिला आनंद झाला. लख्ख, निव्वळ आनंद. शिरका चांगला होता, ठिपके चांगले होते, आणि ती स्वतः वेडी नव्हती. मासे तर लांबच. तिच्या ठिपक्यांनी जन्मायच्या आधीच शिसं पकडून दाखवलं होतं. ती जिना चढत वर आली, यिंगला मिठी मारली आणि म्हणाली, “झारी! माझ्या घरची झारी होती!”

यिंग हसली, आणि मग हसायची थांबली. “पण त्या झारीतून काका रोज जेवतात ना?”

रुईफांगची मिठी सुटली. यिंगनं तिला स्टुलावर बसवलं. मनगट, दांडा, पोट धरून बसणं, सगळं एका मागोमाग एक समोर येत गेलं, आणि त्याच्याही मागे आणखी एक माणूस उभं होतं, पण तिकडे तिनं पाहिलं नाही. तिला स्वतःची लाज वाटत होती. बापाच्या ताटात विष निघालं आणि पोरगी नाचत जिना चढली.

दुपारच्या बसनं ती घरी पोचली. पिशवीत जांभळा दिवा, जुन्या ठिपक्यांची बाटली आणि थोड्या कुप्या. मानत्सांग जेवायला बसला होता. तिला पाहून त्यानं मान हलवली, एवढंच. कढईतल्या नूडल्स दुसऱ्या वाडग्यात काढून तिच्यापुढे सरकवल्या आणि सवयीनं झारीकडे हात नेला.

तिनं झारी उचलून आपल्या मागे ठेवली.

“आता जेवणावरही रुसलीस?” तो म्हणाला. “बिघडलेला आहे ना तो. मी खातो. माझं वयच झालंय.”

“बाबा, उठा. मागच्या खोलीत चला.”

“आधी जेव.”

“नंतर जेवू. मी तुमचं ऐकायला आले नाही, दाखवायला आलेय.”

रांजणांच्या खोलीला खिडकी नव्हती. तिनं दार लोटलं, एका रांजणाच्या झाकणावर कुप्या मांडल्या आणि दिवा लावला. पहिल्यांदाच त्यानं ते निळं पाणी पाहिलं. इतकी वर्षं थट्टा केली होती. आता तो वाकून पाहत राहिला.

“हे आपल्या शिरक्याचं?”

“आपल्याच.”

“बरं दिसतंय,” तो म्हणाला. त्याच्याकडून ही फार मोठी गोष्ट होती.

तिनं त्याच्या देखत त्या दाट शिरक्याच्या रांजणातून थोडा शिरका घेतला, पातळ केला, थेंब सोडला. निळं तसंच राहिलं. मग झारीतला घेतला. पाणी काळोखलं.

मानत्सांगनं पहिल्या कुपीकडे बोट केलं. “म्हणजे शिरका चांगला आहे.”

“शिरका चांगला आहे, बाबा. तुमचा हात चुकला नाही. माझंच चुकलं.”

त्यानं लांब श्वास सोडला. खांदे खाली आले. इतके दिवस तो आतून धास्तावलेला होता, हे तिला तेव्हा कळलं. मॅडमला सांग, तो म्हणाला, स्वतः सांग, मी सांगितलं म्हणून सांग. ती हो म्हणाली. मग त्यानं दुसरी कुपी उचलली.

“आणि हिला काय झालं?”

तिनं सांगितलं. कथील, शिसं, आंबट शिरका. शिसं थोडं थोडं अंगात साठतं, रक्त फिकं पडतं, पोटात कळा येतात, मनगटातला जोर जातो. तिनं शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. रक्त तपासायचं. यावर उपचार आहे. पदवीचं काढू नका.”

तो आपल्या मनगटाकडे पाहत होता. मग ते खाली केलं.

“तुझ्या आईच्याही पोटात कळा यायच्या,” तो म्हणाला.

रुईफांगनं त्याच्या हातातली कुपी घेऊन झाकणावर ठेवली.

“रंग उडाला होता तिचा.”

“हो.”

“यानंच?”

जगात या प्रश्नाचं उत्तर जाणण्याच्या सगळ्यात जवळ कुणी असेल तर ती होती, आणि तिला उत्तर येत नव्हतं. “सांगता येत नाही, बाबा. तेव्हा कुणी तपासलं नाही. आता कळायचं नाही. दुसरंही काही असेल.”

“मी तिला यातूनच पाजायचो,” मानत्सांग म्हणाला. “गरम करून. दुखलं की गरम करून. ती नको म्हणायची, मी म्हणायचो, एवढी वाटी संपव.”

ती त्याच्याजवळ गेली आणि त्याचा हात धरला. हाओंच्या घरात असं कुणी कुणाचा हात धरत नसे. त्यानं धरू दिला. दिवा तसाच चालू होता, आणि त्या उजेडात दोघांचेही दात आणि सदऱ्याच्या बाह्या निळ्या दिसत होत्या.

ताइयुआनच्या दवाखान्यात रक्तात शिसं निघालं, भरपूर. डॉक्टरांनी शिरेतून औषध सुरू केलं आणि म्हणाले की मनगट सुधारेल, वेळ लागेल. बापाला सलाईन लावून रुईफांग प्रयोगशाळेत जायची आणि काचेच्या बाटलीत स्वतः भरून आणलेल्या शिरक्याचे ठिपके बनवायची. ते पहिल्याच खेपेला उजळले. माशांची पोटं निळी झाली, शिशाच्या पाण्यात काळोखली. परीक्षकानं मागितलं होतं अगदी तसं. वेई मॅडमनी दवाखान्यात येऊन मानत्सांगची माफी मागितली. तो म्हणाला, “चव तर तुम्ही बरोबर ओळखली होतीत.” बाहेर आल्यावर मॅडम रुईफांगला म्हणाल्या, झारीचा प्रयोग लेखात घाल, असं खऱ्या घरातलं उदाहरण परीक्षकांना आवडतं. रुईफांग म्हणाली, ते घरचं आहे. मॅडमनी पुन्हा विषय काढला नाही. लेख त्याशिवायच गेला, आणि उन्हाळ्यात पदवी मिळाली. पण ती नंतरची गोष्ट.

आधी छिंगमिंग आला. थडगी झाडायचा दिवस. मानत्सांगला दोन दिवस घरी सोडलं होतं. दरवर्षी तो झारी भरून चाओयूनच्या थडग्यावर न्यायचा आणि तिथे थोडा शिरका ओतायचा. लोक दारू ओततात, पण तिला दारू आवडायची नाही. या वर्षी झारी फळीवर नव्हती. त्यानं ती फडक्यात बांधून ठेवली होती.

“तिच्या माहेरची आहे,” तो म्हणाला. “म्हटलं, तिच्याशेजारीच पुरावी.” मग बराच वेळ त्या गाठोड्याकडे पाहत बसला. “नको. तिच्याजवळ नको आता. तू ने. तुझ्या कामाला येईल.”

ती झारी अजून रुईफांगच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, वर चिठ्ठी लावलेली, की हिच्यातलं काही तोंडात घालू नये.

निघायच्या वेळी मानत्सांगनं एक स्वच्छ काचेची बाटली भरून आणली. काळा, दाट, बर्फ उचललेला शिरका. ती तिनं पिशवीत घालायला हात पुढे केला, तर त्यानं बाटली दिली नाही.

“आधी बघ,” तो म्हणाला.

“बाबा, काचेची बाटली आहे. मातीच्या रांजणातला शिरका आहे. काय बघायचंय?”

“बघ म्हटलं ना.”

ती मागच्या खोलीत गेली, आणि तोही आला. दार लोटलं, दिवा लावला, थेंब सोडला. दोघं कुपीकडे पाहत थांबले. निळं निळंच राहिलं. तरी तो लगेच हलला नाही. आणखी जरा वेळ थांबून, बदलत नाही अशी खात्री करून घेतली, आणि मग बाटलीला बूच लावलं.

थडग्यापाशी त्यांनी गवत काढलं, कागद जाळले, वाफवलेली भाकरी ठेवली. मानत्सांगनं बाटली दोन्ही हातांनी धरली, कारण एका हातात अजून जोर नव्हता, आणि सावकाश ओतली.

“बघून आणलाय,” तो म्हणाला. “पोरीनं बघितलाय. घे.”

आणि मग तो तसाच उभा राहिला. चाओयून जेवायला बसली की तो असा थांबायचा, आंबट बरोबर झालंय का ते तिनं सांगेपर्यंत.